दिनारा साफिनाचा पहिला क्रमांक: हक्काचा की नुसत्या आकडेमोडीचा?

बेसलाइन
विम्बल्डनच्या धाग्यावर परवा एकाने लिहिलं, "ग्रँड स्लॅम न जिंकता नंबर वन झालेल्यांमध्ये सगळ्यात पोकळ नाव दिनारा साफिनाचं." (ग्रँड स्लॅम म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक.) खाली बऱ्याच जणांनी लगेच अनुमोदन दिलं. तिथे विषयांतर झालं असतं म्हणून हा वेगळा धागा काढतोय, कारण हे वाक्य मला मनापासून खटकलं. रशियाच्या साफिनाने महिला टेनिसच्या जागतिक क्रमवारीतला पहिला क्रमांक घाम गाळून कमावला होता, आणि तिची जी टर उडवली गेली ती तेव्हाही अन्यायाची होती, आजही आहे.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म मॉस्कोचा, १९८६ चा. आई रौझा इस्लानोव्हा ही स्पार्टाक क्लबमधली नावाजलेली प्रशिक्षक. कुर्निकोवा, मिस्किना, देमेंतिएवा या तिघींनीही लहानपणी तिच्याकडे धडे घेतलेले. मोठा भाऊ मरात साफिन. २००० साली त्याने अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सँप्रसला हरवलं आणि त्याच वर्षी तो पहिल्या क्रमांकावर पोचला. म्हणजे दिनारा कुठेही खेळायला उतरली की आधी "मरातची बहीण", मग बाकीचं. २००८ च्या मेपर्यंत तिची ओळख साधारण तेवढीच होती.

मग बर्लिनची स्पर्धा आली. तिथे तिने तेव्हाची नंबर वन जस्टिन हेनिनला हरवलं. हेनिनने काही दिवसांतच निवृत्ती जाहीर केली. मग सेरेना विल्यम्सला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये), आणि अंतिम फेरीत देमेंतिएवाला. तिथून पॅरिस, म्हणजे फ्रेंच ओपन. चौथ्या फेरीत समोर शारापोव्हा, आता तीच नंबर वन. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेलेला, दुसऱ्यात २-५ अशी पिछाडी, मॅच पॉइंट शारापोव्हाकडे, म्हणजे आणखी एक गुण गेला की सामना संपला. इथून साफिनाने सामना ६-७, ७-६, ६-२ असा काढला. पुढच्याच फेरीत देमेंतिएवासमोर ४-६, २-५, पुन्हा मॅच पॉइंट विरुद्ध. तोही वाचवला, सेट ७-६ घेतला आणि तिसऱ्या सेटमध्ये देमेंतिएवाला एकही गेम दिला नाही! लागोपाठ दोन सामन्यांत मरणाच्या दारातून परत येणाऱ्या मुलीला नंतर लोकांनी "मनाने कच्ची" ठरवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या वर्षी पुढे लॉस एंजेलिस, माँट्रियल आणि टोकियो जिंकलं, बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रौप्य मिळवलं. बीजिंगमध्येच तिने यांकोविचला हरवलं, जी त्याच आठवड्यात नंबर वन झाली होती. हेनिन, शारापोव्हा, यांकोविच. एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या नंबर वन खेळाडूंना हरवणारी ती पहिलीच. २० एप्रिल २००९ ला ती स्वतः तिथे पोचली. भाऊ आणि बहीण दोघंही पहिल्या क्रमांकावर, हे टेनिसमध्ये त्याआधी कधी घडलं नव्हतं.

आता सांगा, यात पोकळ काय आहे?

सेंटरकोर्ट
ते वाक्य माझंच होतं, आणि मी त्यावर ठाम आहे.

तुम्ही २००८ सुरेख लिहिलंत. पण प्रश्न २००९ चा आहे, कारण क्रमांक २००९ मध्ये मिळाला. ग्रँड स्लॅमच्या तीन अंतिम फेऱ्या ती खेळली. पॅरिस २००८, इव्हानोविचकडून ४-६, ३-६. मेलबर्न (ऑस्ट्रेलियन ओपन) २००९, सेरेनाकडून ०-६, ३-६. पॅरिस २००९, कुझनेत्सोवाकडून ४-६, २-६. तीन अंतिम सामने, सहा सेट, त्यातला एकही जिंकता आला नाही. नंबर वन असताना विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत सेरेनाची बहीण व्हीनसकडून १-६, ०-६. एक्कावन्न मिनिटांत.

मेलबर्नचा सामना मी घरी बघत होतो. शनिवारची दुपार होती. तो सामना जिंकणारी थेट पहिल्या क्रमांकावर जाणार होती, हे दोघींनाही माहीत होतं. सेरेनाने ५९ मिनिटांत तिला गुंडाळलं. साफिनाने स्वतःच नंतर सांगितलं की आपण कोर्टवर बॉलबॉय असल्यासारखं वाटत होतं. पहिल्या क्रमांकाचा फैसला प्रत्यक्ष कोर्टवर झाला तो हा, आणि तो ६-०, ६-३ असा झाला.

मग एप्रिलमध्ये ती वर कशी गेली? सेरेनाने २००८ ला चार्ल्सटन जिंकलं होतं, २००९ ला दुखापतीमुळे ती तिथे खेळली नाही, तिचे ते गुण गळाले आणि साफिना वर सरकली. कोर्टवर तिने सेरेनाला त्या आठवड्यात हरवलं नव्हतं. ती जिंकून वर गेली नाही, सेरेना खाली आली म्हणून वर दिसली. त्या वर्षी विम्बल्डन झालं तेव्हा अमेरिकन ओपन, ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन या तिन्हींची विजेती सेरेना होती. अशा वेळी दुसरं कुणी पहिल्या क्रमांकावर असेल तर चूक क्रमवारीची आहे.

विदर्भ_एक्सप्रेस
स्लॅम नाही तर नंबर वन नाही. माझ्यासाठी विषय इथेच संपतो.

बेसलाइन
@विदर्भ_एक्सप्रेस, मग क्लायस्टर्स २००३ मध्ये नंबर वन झाली तेव्हा तिच्याकडे एकेरीतलं एकही स्लॅम नव्हतं, तिचं काय करायचं? मोरेस्मो २००४ मध्ये, तिचंही तेच. वॉझ्नियाकी, हालेप, प्लिश्कोव्हा. पुरुषांत लेंडल १९८३ मध्ये, मार्सेलो रिओस १९९८ मध्ये. रिओसने तर शेवटपर्यंत एकही जिंकलं नाही, तरी त्याचं नाव निघालं की लोक त्याच्या डाव्या हाताची जादू आठवतात. साफिनाचं नाव निघालं की डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून फुकट दिलेला गुण. हा फरक का?

@सेंटरकोर्ट, गुण गळणं हा क्रमवारीतला अपघात नाही, तिची पद्धतच तशी आहे. ५२ आठवड्यांचा हिशोब चालतो. जिंकलेले गुण वर्षभरानंतर जातात आणि तुम्हाला ते पुन्हा मिळवावे लागतात. साफिनाचेही जात होते, ती ते मिळवत होती. क्रमांक मिळाल्यावर ती लगेच श्टुटगार्टला अंतिम फेरीत गेली, मग रोम जिंकली, मग माद्रिद जिंकली. त्याच महिन्यात सेरेना काय करत होती? रोममध्ये पहिल्याच सामन्यात श्नायडरकडून हरली, माद्रिदमध्ये स्कियाव्होनेसमोर पहिल्याच सामन्यात मधेच सोडून गेली. सेरेना महान आहे, माझ्या मते सर्वकालीन महान. पण एप्रिल-मे २००९ मध्ये आठवड्यामागून आठवडे सगळ्यात चांगलं टेनिस खेळणारी बाई ती नव्हती.

गणिताचा_मास्तर
दोघंही क्रमवारीबद्दल बोलताहेत, म्हणून प्रत्यक्ष आकडे मांडतो. ते दोन्ही बाजूंना उपयोगी पडतील.

२००९ मध्ये डब्ल्यूटीएने (महिला टेनिसच्या संघटनेने) गुणांची नवी पद्धत आणली. ग्रँड स्लॅम विजेतीला २००० गुण, उपविजेतीला १४००, उपांत्य फेरीत हरणारीला ९००, उपांत्यपूर्व फेरीत हरणारीला ५००, चौथ्या फेरीत हरणारीला २८०. माद्रिदसारखी सक्तीची मोठी स्पर्धा जिंकली की १०००. वर्षातल्या सर्वोत्तम १६ स्पर्धांची बेरीज.

आता हे बघा. एकीने दोन स्लॅममध्ये अंतिम सामने हरले, तिला २८०० गुण. दुसरीने एक स्लॅम जिंकलं आणि दुसऱ्यात चौथ्या फेरीत हरली, तिला २२८०. म्हणजे दोनदा हरलेली पुढे. यावर सेंटरकोर्ट यांचा आक्षेप मला पटतो. विजेती आणि उपविजेती यांच्यातलं अंतर कमी ठेवलं होतं. पुढे उपविजेतीचे गुण १३०० वर आणले गेले, म्हणजे हे अंतर वाढवण्याची गरज संघटनेलाही वाटली असावी.

पण बेसलाइन यांच्या बाजूने एक गोष्ट: ही पद्धत सगळ्यांना सारखी होती आणि हंगामाच्या आधीच माहीत होती. साफिनाने पळवाट शोधली नाही. ती आठवड्याला आठवडा खेळली आणि बहुतेक वेळा शेवटच्या दिवसापर्यंत टिकली.

सायली
मी सेरेनाची चाहती आहे, हे आधीच सांगते.

विम्बल्डन जिंकल्यावर पत्रकारांनी सेरेनाला क्रमवारीबद्दल विचारलं. तिने खोचकपणे सांगितलं की मी स्वतःला दुसऱ्या क्रमांकावरच बघते, दिनाराने पहिला क्रमांक मिळवून मोठं काम केलंय, तिने रोम आणि माद्रिद जिंकलंय. पत्रकारांत हशा पिकला. पण एका हातात विम्बल्डनची थाळी असताना आणि वर्षाची दोन स्लॅम खिशात असताना तिने ते बोलायचं नाही तर कधी बोलायचं? सेरेनाला आयुष्यभर प्रत्येक विजयाचा पुरावा द्यावा लागला. तिने एकदा आपली बाजू मांडली तर ती उद्धट ठरली. साफिनावर अन्याय झाला म्हणताना हा दुसरा अन्याय विसरू नका.

बेसलाइन
सायलीताई, सेरेनाला बोलायचा हक्क होताच. माझा राग तिच्यावर नाहीच. राग आहे तो त्या हशावर, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने प्रत्येक स्पर्धेत साफिनाला तोच प्रश्न विचारणाऱ्यांवर. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी रोज सकाळी उठून "तू खरी नंबर वन आहेस का?" याचं उत्तर देत होती. हे प्रश्न यांकोविचलाही आले, वॉझ्नियाकीलाही आले. पण या दोघी ते हसून परतवायच्या. साफिना प्रत्येक प्रश्न मनाला लावून घ्यायची आणि कोर्टवर जाऊन स्वतःवरच ओरडायची.

मातीतला_माणूस
सगळे सेरेना-सेरेना करताय. माझ्या मते साफिनाची खरी परीक्षा सेरेनाने घेतलीच नाही, कुझनेत्सोवाने घेतली, आणि पॅरिस २००९ चा तो सामना पुन्हा बघितल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

त्या स्पर्धेत साफिना कशी खेळत होती बघा. पहिल्या चार फेऱ्यांत मिळून तिने फक्त पाच गेम गमावले. पाच! पहिल्या फेरीत तर ६-०, ६-०. उपांत्यपूर्व फेरीत अझारेंकाने पहिला सेट ६-१ घेतला तेव्हा ती हादरली, पण सावरली. सिबुलकोव्हाला उपांत्य फेरीत सरळ हरवलं. सेरेना स्पर्धेबाहेर, तिला कुझनेत्सोवानेच तीन सेटमध्ये घालवलेलं. लाल माती, साफिनाचा आवडता पृष्ठभाग, नंबर वनचं मानांकन. यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

आणि अंतिम सामन्यात काय झालं? साफिनाची दुसरी सर्व्हिस लहान पडायला लागली. कुझनेत्सोवा दोन पावलं आत येऊन ती घ्यायला लागली. कुझनेत्सोवाचा चेहरा सामनाभर शांत होता. साफिना प्रत्येक चुकीनंतर तिचे प्रशिक्षक क्रायान बसले होते त्या दिशेला बघत होती, हातवारे करत होती. चेंडूपेक्षा तिचं लक्ष तिकडे जास्त होतं. दुसऱ्या सेटमध्ये तिचे पायच हलेनात. २-५, मॅच पॉइंट, आणि तिने डबल फॉल्ट केला. संपलं. कुझनेत्सोवाला शेवटचा गुण जिंकायला रॅकेटसुद्धा फिरवावी लागली नाही.

यात क्रमवारीचा संबंध नाही, सेरेनाचाही नाही. साफिनाला त्या दिवशी साफिनानेच हरवलं.

सेंटरकोर्ट
हेच मी म्हणतोय. ज्या दिवशी खेळायचं असतं त्या दिवशी न खेळणारी खेळाडू नंबर वन कशी? आठवडाभर चांगलं आणि शनिवारी कोसळणं याला सातत्य म्हणत असाल तर तो शब्दांचा खेळ झाला.

मातीतला_माणूस
नाही दादा, मी तसं म्हटलेलं नाही. रोमची अंतिम फेरी त्याच कुझनेत्सोवासमोर होती, महिनाभर आधी, त्याच लाल मातीवर. साफिनाने ती ६-३, ६-२ अशी जिंकली. म्हणजे खेळ होता. अंतिम सामने जिंकायची सवयही होती, कारकिर्दीत एकेरीची बारा विजेतेपदं आहेत तिची. स्लॅमची अंतिम फेरी आली की मात्र ती दुसरीच कुणीतरी व्हायची. ही तिची मोठी उणीव, हे मान्य. पण त्यासाठी बाकीच्या पन्नास आठवड्यांचं काम पुसून टाकायचं?

फिजिओ_पुणे
आतापर्यंतच्या चर्चेत तिच्या पाठीचा उल्लेखच नाही, म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. साफिनाची तपासणी अर्थातच मी केलेली नाही, त्यामुळे जे जाहीर झालं त्यावरच बोलते.

तिला कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं. बुमराहच्या पाठीमुळे हे नाव आपल्याकडे आता घरोघरी माहीत आहे. जलद गोलंदाज आणि टेनिसपटू या दोघांत ते दिसतं, कारण दोघंही एकच गोष्ट हजारो वेळा करतात: पाठ मागे वाकवायची आणि त्याच क्षणी फिरवायची. सर्व्हिससाठी चेंडू उडवल्यावर शरीराची कमान होते ना, तेव्हा मणक्याच्या मागच्या पातळ हाडावर सगळा भार येतो. तिथे केसासारखी चीर पडते. पडली की काही महिने खेळापासून विश्रांती, हाच मुख्य इलाज. खेळत राहिलात तर चीर भरत नाही आणि शरीर आपोआप कमान टाळायला लागतं. मग सर्व्हिसची उंची जाते, फेक वेडीवाकडी होते, डबल फॉल्ट वाढतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, खेळाडू घाबरलाय.

२००९ च्या अखेरीस दोहाला वर्षाखेरची स्पर्धा होती. वर्षाचा शेवट पहिल्या क्रमांकावर कोण करणार याचा निकाल तिथे लागणार होता. साफिना पहिल्या सामन्यात यांकोविचसमोर १-१ असताना पाठीमुळे थांबली. सेरेना वर्षाखेरची नंबर वन झाली. जानेवारीत ऑस्ट्रेलियात किरिलेंकोसमोर पुन्हा सामना अर्धवट सोडला. त्यानंतर ती परत आली, पण तो खेळ कधीच परत आला नाही. २०१० ला पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत ३९ वर्षांच्या किमिको दातेकडून हरली. २०११ ला मेलबर्नमध्ये क्लायस्टर्सकडून ०-६, ०-६. त्याच वर्षी मे महिन्यात माद्रिदला शेवटचा सामना खेळली, तेव्हा नुकतीच पंचवीस पूर्ण झाली होती. अधिकृत निवृत्ती २०१४ मध्ये, तीही माद्रिदलाच.

क्रमांक टिकवण्यासाठी ती २००९ च्या उत्तरार्धात थांबायला हवं तेव्हा थांबली नाही, अशी मला शंका आहे. "मी खरी नंबर वन आहे" हे सिद्ध करायच्या नादात तिने पाठ गमावली असेल तर या टिंगलीची किंमत फार मोठी झाली.

सेंटरकोर्ट
फिजिओताई, माहिती मोलाची आहे आणि पंचविशीत कारकीर्द संपणं वाईटच. पण तारखा बघा. मेलबर्न जानेवारीतलं, पॅरिस जूनमधलं, विम्बल्डन जुलैमधलं. पाठीने सामने सोडायला लावले ते त्यानंतर. त्या पराभवांना दुखापतीचं कारण मी देणार नाही, आणि माझ्या आठवणीत साफिनानेही ते दिलं नव्हतं. हरली की ती सरळ म्हणायची, मी वाईट खेळले. तिचा हा प्रामाणिकपणा मला आवडायचा. म्हणूनच तिच्या वतीने आपण सबबी शोधू नयेत.

माझा प्रश्न बेसलाइन यांना आहे. कुझनेत्सोवाने दोन स्लॅम जिंकली, २००४ ला न्यूयॉर्क आणि २००९ ला पॅरिस. क्रमवारीत ती कधीच दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेली नाही. साफिनाकडे २६ आठवडे पहिला क्रमांक, एकेरीत स्लॅम शून्य. कुणाची कारकीर्द मोठी? सरळ उत्तर द्या.

बेसलाइन
सरळ उत्तर: कुझनेत्सोवाची. क्षणभरही विचार न करता. दोन स्लॅम जिंकलेल्या खेळाडूच्या बाजूला साफिनाला मी उभं करणार नाही, आणि धाग्याच्या सुरुवातीलाही केलेलं नाही.

पण तुम्ही कारकीर्द विचारताय आणि मी क्रमांकाबद्दल बोलतोय. पहिला क्रमांक "सगळ्यात थोर कोण" हे सांगतच नाही. गेल्या ५२ आठवड्यांत सगळ्यांत जास्त कुणी मिळवलं, एवढंच तो सांगतो. मे २००८ ते मे २००९ या काळात बर्लिन, लॉस एंजेलिस, माँट्रियल, टोकियो, रोम, माद्रिद ही विजेतेपदं, दोन स्लॅमची अंतिम फेरी, एक उपांत्य फेरी, ऑलिम्पिक रौप्य. हे कुझनेत्सोवाने केलं नाही. यांकोविचने केलं नाही. सेरेनाने स्लॅम जिंकली, पण हे केलं नाही. तुम्ही स्लॅमला जास्त वजन द्या म्हणाल तर मास्तरांनी सांगितलंच, तो दोष पद्धतीत होता आणि पुढे थोडा दुरुस्तही झाला. त्या पद्धतीत खेळून जी पहिली आली, तिला पोकळ म्हणणं मला मान्य नाही.

शारापोव्हाविरुद्धचा आणि देमेंतिएवाविरुद्धचा, पॅरिस २००८ चे हे दोन सामने कुणी पाहिले नसतील तर जरूर बघा. दोन्हीत ती एका गुणावर बाद होती.

सेंटरकोर्ट
ते दोन्ही सामने मी पाहिलेत आणि ते थोर आहेत, यावर वाद नाही. "पोकळ" शब्द तुम्हाला लागला असेल तर तो मी इथून पुढे वापरणार नाही. पण माझ्या यादीत २००९ ची नंबर वन सेरेनाच. मेलबर्नच्या त्या शनिवारी क्रमांक पणाला लागला होता, दोघी समोरासमोर होत्या, आणि एकीने दुसरीला पहिल्या सेटमध्ये एक गेमही घेऊ दिला नाही. एप्रिलचा हिशोब काहीही येवो.

मातीतला_माणूस
मग बर्लिन २००८ पण धरा की. तिथेही दोघी समोरासमोर होत्या, २-६, ६-१, ७-६, आणि जिंकली साफिना.